ब्रेकमास्तरांचा निबंध

मोटार शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातलाच, तर वेळेवर दाबता यावा म्हणून. ब्रेकमास्तर घोळ होण्याची वाट बघत बसत नसत. दोनशे पावलांवर एखादा चेंडू घरंगळत रस्त्यावर आला, की यांचा पाय खाली गेलाच. बावीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नव्हता. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या निम्म्या लोकांना मात्र परवाना मिळाल्यावर पहिल्यांदा कळायचं, की ब्रेक आपल्यालाही दाबावा लागतो. हे टोपणनाव विद्यार्थ्यांनीच ठेवलेलं होतं, आणि मास्तरांना ते पदवीसारखं वाटायचं.

घरात पायाखाली ब्रेक नव्हता, पण सवय होती. डॉक्टरांनी लेकीला विचारलं, "कुठे दुखतंय?" की उत्तर मास्तर देणार. दुकानदाराने तिला विचारलं, "रंग कुठला दाखवू?" की मास्तर म्हणणार, "निळा." लेकीला घरात बारकी म्हणत. बारकी आता बापापेक्षा चार बोटं उंच झाली होती. स्वभावाने ती अजिबात मुखदुर्बळ नव्हती, पण प्रश्न आला की आधी विचार करायची आणि मग तोंड उघडायची. त्या मधल्या चार-पाच सेकंदांत मास्तरांचा जीव वरखाली व्हायचा. कुणी विचारतंय आणि आपलं पोर गप्प उभं आहे, हे त्यांना बघवायचं नाही. म्हणून ते बोलून मोकळे व्हायचे.

त्या वर्षी बारकीची शाळा संपत होती आणि तिला कृत्रिम हातपाय बनवायला शिकायचं होतं. ते शिकवणारी संस्था एकच, जागा अठरा, अर्ज चारशेच्या वर. निवड एकपानी निबंधावर आणि मुलाखतीवर. मास्तर आधी बुचकळ्यात पडले. "पाय? बनवायचे?" असं त्यांनी तीन वेळा विचारलं. पण आठ दिवसांत ते ज्याला-त्याला या विषयावर व्याख्यान द्यायला लागले. ऐकणाऱ्याला वाटावं, प्रवेश यांनाच हवाय.

शाळेत मुलांना आणि घरच्यांना पुढच्या शिक्षणाची वाट दाखवायला एक बाई होत्या. त्यांच्या हुद्द्याची पाटी दोन ओळींची होती, म्हणून सगळे त्यांना सरळ करिअरबाई म्हणायचे. शनिवारी सकाळी त्या शाळेच्या वाचनालयात एकेका कुटुंबाला बसवायच्या आणि मुलाखतीची तयारी करून घ्यायच्या. दिसायला मवाळ, पण कामाला लागल्या की कुणाची भीडभाड ठेवत नसत. त्यांचा एक नियम होता. तो ऐकून नवे पालक हसायचे. मुलाला प्रश्न विचारला, की पालकाने समोरच्या पेल्यातला पाण्याचा घोट तोंडात घ्यायचा, आणि मुलाचं उत्तर संपेपर्यंत गिळायचा नाही.

"बोलू नका, असं मी बारा वर्षं सांगून बघितलं," बाई म्हणायच्या. "काडीचा उपयोग नाही. शेवटी पाण्याने काम केलं."

मिठाची गुळणी धरून बसतात असं मास्तर आजवर नुसतं ऐकून होते. इथे मीठ नव्हतं, एवढीच काय ती सूट. पहिल्या शनिवारी बाईंनी बारकीला विचारलं, "हेच शिक्षण का घ्यायचंय तुला?" मास्तरांनी घोट घेतला. बारकी खिडकीकडे बघत विचार करायला लागली. एक सेकंद झाला, दोन झाले. तिसऱ्याला मास्तरांनी घटकन पाणी गिळलं आणि म्हणाले, "तिला ना, लहानपणापासून लोकांच्या सेवेची—"

"मास्तर, घोट," बाई म्हणाल्या.

असं तासभर चाललं. त्या सकाळी मास्तर एकटे नऊ पेले पाणी प्यायले आणि दोनदा बाहेर जाऊन आले. बारकीची मात्र हसून पुरेवाट झाली. परतताना ती म्हणाली, "बाबा, आज माझी चार उत्तरं पूर्ण झाली. रेकॉर्ड आहे." मास्तरही हसले. हे तिच्या मनाला लागलं असेल, असं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

निबंध बारकीने तीन आठवडे घासूनपुसून लिहिला. अर्ज पाठवायच्या शेवटच्या दिवशी तिची शाळेत प्रयोगपरीक्षा होती. तिने सगळं भरून ठेवलं आणि वडिलांना बजावलं, "फक्त ही फाइल चढवायची आणि शेवटचं बटण दाबायचं. बाकी कशालाही हात लावू नकोस."

"मी काय लहान आहे का?" मास्तर म्हणाले.

दुपारी दोन धड्यांच्या मधल्या वेळात ते ड्रायव्हिंग स्कूलच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरसमोर बसले. फाइल तीच आहे ना, एवढंच बघायला म्हणून उघडली. आणि वाचली.

बारकीने त्यात खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या आजोबांबद्दल लिहिलं होतं. अपघातानंतर त्यांचा एक पाय थोडा आखूड पडला होता. तिने त्यांना झोपवून दोन्ही पाय मापले, फरक काढला, आणि तेवढ्याच जाडीचा बुचाचा थर त्यांच्या बुटाच्या तळाला बसवला. माप अगदी बरोबर होतं. आजोबा मात्र आठवडाभर कंबर धरून बसले. मग तिने त्यांना उभं केलं, पायाखाली एकेक पातळ फळी सरकवली आणि दर फळीला विचारलं, "आता कसं वाटतंय?" तिच्या मापाच्या निम्म्यावरच आजोबा म्हणाले, "बास, इथे मी सरळ आहे." निबंधाच्या शेवटी तिने लिहिलं होतं: माप माझं बरोबर होतं, पण मी त्यांना विचारलंच नव्हतं.

मास्तरांनी शेवटची ओळ परत वाचली. अर्जात कुणी स्वतःची फजिती लिहितं का? चारशे पोरं आपापले झेंडे नाचवणार, आणि आपली लेक सांगणार की मी एका म्हाताऱ्याची कंबर मोडली! एवढ्यात त्यांचा पाय कुठल्या तरी ब्रेकवर गेला म्हणा. पुढच्या धड्याला आलेल्या माणसाला त्यांनी बाहेर बसवून ठेवलं आणि दीड तास खपून नवा निबंध लिहिला. 'समाजाच्या वेदनेचा हुंकार माझ्या कानी बालपणीच पडला,' अशी सुरुवात. मग सेवा, ध्यास, तळमळ. शेवटी पहिल्याच प्रयत्नात आजोबा ताठ मानेने चालू लागले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ते लिहिताना खरोखर मास्तरांच्याच डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी फाइल चढवली आणि बटण दाबलं.

संध्याकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण संध्याकाळी बारकी दारातूनच म्हणाली, "पाठवलास ना? तू नसतास तर माझं काही खरं नव्हतं," आणि मास्तरांच्या तोंडचा शब्द तोंडातच राहिला. मग उद्या, मग परवा. महिन्याने मुलाखतीचं बोलावणं आलं. चारशेतल्या साठ जणांना बोलावलं होतं. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. बघा, निबंध चालला! आता सांगून तरी काय मिळवायचं, असं म्हणून त्यांनी विषय मनातल्या मनात मिटवून टाकला.

मुलाखती तीन दिवस चालणार होत्या; बारकीची शेवटच्या दिवशी, बुधवारी होती. आदल्या शनिवारी करिअरबाईंनी शेवटची तालीम ठेवली. बारकीची आई दवाखान्याच्या काउंटरवर कामाला होती, तिनेही त्या दिवशी सुट्टी काढली. आईबाप शेजारी शेजारी बसले, दोघांच्या पुढ्यात पेले. बाईंनी संस्थेकडे पोचलेल्या अर्जाची प्रत काढून आणली होती.

"मुलाखतीचा निम्मा वेळ निबंधावर जातो," बाई म्हणाल्या. "आता मी तो वाचते आणि मधेच थांबून प्रश्न विचारते. पालकांनी घोट घ्या."

दोघांनी घोट घेतला. बाईंनी चष्मा लावला.

"'समाजाच्या वेदनेचा हुंकार—'"

मास्तर अडकले. गिळावं तर सगळं बोलावं लागणार, न गिळावं तर पुढचं ऐकावं लागणार. बारकीच्या कपाळावर आठी पडली. बाई वाचत राहिल्या. आजोबा पहिल्याच प्रयत्नात ताठ मानेने चालू लागले, तिथे मास्तरांना जोराचा ठसका लागला आणि तोंडातलं सगळं पाणी अर्जावर, बाईंच्या बाहीवर आणि थोडं चष्म्यावर उडालं.

कुणीच हसलं नाही.

"हे मी लिहिलेलं नाही," बारकी म्हणाली.

आईच्या तोंडात अजून घोट होता. तिने नवऱ्याकडे नुसतं बघितलं. मग शांतपणे घोट गिळून ती म्हणाली, "अहो, काय करून ठेवलंत हे?"

मास्तरांनी सांगितलं. जे महिनाभर जमलं नव्हतं, ते अर्ध्या मिनिटात सांगून झालं. बाईंनी चष्मा पुसला आणि अर्जाचं ओलं पहिलं पान त्यांच्यापुढे सरकवलं. तिथे ठळक अक्षरांत छापलं होतं: निबंध दुसऱ्याने लिहिल्याचं आढळल्यास अर्ज बाद. मास्तरांनी ते वाचलं आणि त्यांची पाचावर धारण बसली.

"मी आत्ताच्या आत्ता त्यांना पत्र लिहितो," ते म्हणाले. "सगळी चूक माझी आहे असं—"

"तू आता काहीही लिहायचं नाही!" बारकी ओरडली. वाचनालयात ती पहिल्यांदाच विचार न करता बोलली होती.

बाईंनी तिथूनच संस्थेला फोन लावला. कचेरीतला माणूस म्हणाला, पाठवलेला अर्ज बदलता येत नाही, जे काय असेल ते मुलाखतीत सांगा. बाईंनी फोन ठेवला. "आता दोन वाटा आहेत," त्या बारकीला म्हणाल्या. "हा निबंध पाठ करून वेळ मारून न्यायची, नाहीतर खरं सांगायचं. खरं सांगितलंस तर बाद होऊ शकतेस. काय करायचं ते तू ठरव."

मास्तरांनी तोंड उघडलं. मग पेला उचलला आणि न सांगता एक मोठा घोट घेतला.

बारकी खिडकीबाहेर बघत राहिली. "सांगणार," ती म्हणाली. "पण मीच."

पुढचे तीन दिवस घरात अबोला. बारकी वडिलांशी आईमार्फत बोलायची. "आई, त्यांना सांग, दिवा बंद करा." मास्तर तिथेच हातभर अंतरावर बसलेले असायचे. सोमवारी एक विद्यार्थिनी गाडी मागे घेत होती आणि मास्तर विचारात इतके गढले होते की पाय हललाच नाही. गाडी कचऱ्याच्या डब्याला घासली. बावीस वर्षांतला पहिला ओरखडा. ती बिचारी रडवेली झाली. मास्तर म्हणाले, "चूक माझीच आहे," आणि स्वतःच डोळे पुसायला लागले. ते बघून तिचं रडणं थांबलं.

बुधवारी बापलेक बसने संस्थेत गेले. आईला दुसरी सुट्टी मिळाली नव्हती. लांबलचक बोळात भिंतीला फळ्या ठोकलेल्या, आणि त्यांवर प्लास्टरचे पाय ओळीने मांडलेले. काही लहान मुलांचे होते, मास्तरांच्या मुठीएवढे. त्यांच्याकडे बघून मास्तरांना आपल्या हुंकाराची लाज वाटली. बारकीला आत बोलावलं. दार बंद झालं.

बाकीची मुलं वीस मिनिटांत बाहेर येत होती. बारकीला पाऊण तास झाला. काढून टाकली असती तर एवढा वेळ लागला नसता. की आत रडत असेल? मास्तर तीनदा उठले, तीनदा बसले. त्यांनी दाराला कानसुद्धा लावला असता, पण समोरच शिपाई बसला होता. अखेर दार उघडलं आणि आवाज आला, "पालकांनी आत या."

टेबलामागे दोघं होते. एक संस्थेच्या मुख्य बाई, आणि चामड्याचा अ‍ॅप्रन घातलेले वर्कशॉपचे जुने कारागीर. बारकी समोर बसलेली. तिच्या पुढ्यात हाताने लिहिलेला कागद होता आणि बोटांना शाई लागली होती.

"नियमाप्रमाणे हा अर्ज मी बाद करायला हवा," मुख्य बाई म्हणाल्या. "पण हिने खुर्चीत बसायच्या आधीच सगळं सांगितलं. मग आम्ही हिला इथेच, आमच्यासमोर, निबंध लिहायला बसवलं. तो आम्ही वाचलाय. पहिला तुम्ही लिहिलात?"

"हो. तिला माहीतही नव्हतं."

कारागिरांनी जुना कागद उचलला. "'वेदनेचा हुंकार' म्हणजे नक्की काय हो?"

"मलाही नीट सांगता येणार नाही," मास्तर म्हणाले.

कारागिरांच्या मिशीला हलकंसं हसू आलं. मुख्य बाई हसल्या नाहीत. "का केलंत असं? हिचा निबंध चांगला होता."

मास्तरांकडे एरवी प्रत्येक प्रश्नाला तयार उत्तर असायचं. आज त्यांना शोधावं लागलं. "मी अठरा वर्षांचा असताना एका कारखान्यात शिकाऊ म्हणून मुलाखतीला गेलो होतो," ते शेवटी म्हणाले. "त्यांनी विचारलं, तुला यंत्रातलं काय आवडतं? मला खूप काय काय आवडायचं. कुठून सुरुवात करावी तेच कळेना, म्हणून जरा थांबलो. तर समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि म्हणाले, पुढचा. मी दारापर्यंत गेलो तोवर मला उत्तर सुचलं होतं. ही थांबली ना, की मला ते दार दिसतं."

बारकीने मान वळवून वडिलांकडे बघितलं. ही गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती. कुणीच ऐकली नव्हती.

मुख्य बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. कारागीर खुर्चीत पुढे सरकले. "आता हिला शेवटचा प्रश्न. आमच्याकडे पाय बसवायला माणूस येतो, तेव्हा बरोबर घरचं कुणीतरी असतं. आम्ही पेशंटला विचारतो, कुठे टोचतंय? उत्तर घरचाच देतो. रोजचं आहे. तू काय करशील? बाहेर बसवशील त्याला?"

बारकी विचार करायला लागली. एक सेकंद. दोन. तीन. चार. पाच. मास्तरांनी खुर्चीचे हात असे आवळून धरले की बोटं पांढरी पडली. सहा. कारागीर आरामात वाट बघत होते. त्यांना कसलीच घाई नव्हती, आणि हे मास्तरांना फार नवीन होतं.

"बाहेर नाही बसवणार," बारकी म्हणाली. "तो घाबरलेला असतो. माझे बाबा माझ्याआधी बोलतात, तर मला वाटायचं, मला जमणार नाही असं त्यांना वाटतं. ते तसं नाहीये. मला कुणी हसू नये म्हणून ते धावतात. मला हे आत्ता कळलं, दोन मिनिटांपूर्वी." ती पुन्हा थांबली. कुणी मधे बोललं नाही. "त्या माणसाला मी पेशंटच्या समोर बसवीन, तोंड दिसेल असं. आणि पेशंटलाच विचारीन. उत्तराला वेळ लागला तर आम्ही दोघंही थांबू."

"आणि तो थांबला नाही तर?"

"तर पुन्हा विचारीन," बारकी म्हणाली. "मला सवय आहे."

आता मात्र मुख्य बाईसुद्धा हसल्या. मास्तरही हसायला गेले, पण हसता हसता त्यांचा चेहरा असा काही वाकडातिकडा झाला की कारागिरांनी न बोलता त्यांच्यापुढे खोक्यातला कागदी रुमाल धरला.

निवडीची यादी चारला लागणार होती. बापलेक समोरच्या रस्त्यावरच्या बाकावर जाऊन बसले. बारकीने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि पहिलं बिस्किट वडिलांना दिलं. "ते कारखान्याचं मला आधी का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"लाज वाटायची," मास्तर म्हणाले.

चार वाजता फाटकाशी गर्दी झाली. मास्तर सवयीने उठले, दोन पावलं गेले, आणि परत बाकावर येऊन बसले. "तू बघून ये," ते म्हणाले. बारकी गर्दीत शिरली. मास्तरांना ती यादी वाचायची इतकी घाई झाली होती की त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग बारकी गर्दीतून बाहेर आली आणि रस्ता ओलांडायला लागली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ती येऊन समोर उभी राहिली. मास्तरांनी विचारलं नाही.

"चौदावी," बारकी म्हणाली. "अठरात मी चौदावी!"

मास्तर उठले, आणि भर रस्त्यात लेकीला मिठी मारून मोठमोठ्याने रडायला लागले. येणारेजाणारे बघत होते. बघेनात का. बारकी हसत होती आणि त्यांच्या पाठीवर थोपटत होती. आईला फोन बारकीनेच केला. आईची किंकाळी बाकावर बसलेल्या मास्तरांनासुद्धा ऐकू आली.

परतीच्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. थोड्या वेळाने बारकीने विचारलं, "तू काही बोलत का नाहीयेस? बरं वाटतंय ना?"

"तुझं सांगून झालं का, ते बघतोय."

"छे, अजून सुरुवातही नाही," बारकी म्हणाली आणि सांगायला लागली. आत गेल्या गेल्या काय झालं, पेनमधली शाई कशी संपली, कारागिरांनी आजोबांच्या बुटाचं चित्र कसं काढायला लावलं, पहिल्या वर्षी प्लास्टर, दुसऱ्या वर्षी चामडं आणि धातू, आणि तिला पुढे लहान मुलांचेच पाय का बनवायचे आहेत, कारण मूल वाढत राहतं, दर वर्षी पाय नवा लागतो. मधे मधे ती थांबायची, खिडकीबाहेर बघायची आणि मग पुढचं वाक्य सापडलं की परत सुरू व्हायची. मास्तर तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना हे सगळं खरोखरच माहीत नव्हतं.

बस थांबली. त्यांचा थांबा आला होता. मास्तरांनी तो बघितला. बारकी तेव्हा एका वाक्याच्या अर्ध्यात थांबून विचार करत होती. मास्तर जागचे हलले नाहीत. बस सुटली आणि थांबा मागे गेला.